परत न आलेल्या एकोणचाळीस वस्तू

शहापुरात ज्या बोळातल्या दोन-चार घरांतून अजून मागांचा खटखटाट ऐकू येतो, त्या बोळाच्या तोंडाशी काठीघर आहे. पाटीवरचं नाव वेगळं आहे, 'रुग्णसाहित्य सेवा मंडळ'. पण ते नाव रिक्षावाल्याला सांगितलं तर तो पंचाईतीत पडतो. काठीघर म्हटलं की थेट दारात आणून सोडतो. कुणाचं हाड मोडलं, कुणाला अर्धांगवायू झाला, घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की लोक इथं येतात आणि काठी, कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, हवेची गादी, जे लागेल ते घेऊन जातात. भाडं नाही. पाचशे रुपये अनामत ठेवायची आणि वस्तू आणून दिली की परत न्यायची.

हे सगळं उभं केलं उपेंद्र याळगी सरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. बावीस वर्षं काठीघराची किल्ली त्यांच्याच खिशात होती. कुठली खुर्ची कुठल्या गावी गेली, कुणाकडून किती देणगी येते, कुठल्या वॉकरचा कुठला पाय आखूड आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. समोरच्या माणसाचा चेहराच दिसेना, कडेकडेचं तेवढं दिसे. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष सुहास वकील नवा कार्यवाह हुडकायला निघाले. तिघांनी हात जोडले. चौथ्या भैरवी हेरेकर.

भैरवी कॉलेजच्या ग्रंथालयात होती. वय त्रेचाळीस. तिच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात काठीघराचीच खाट घरात होती, तेव्हा उपकाराची जाणीव होती हे खरं. पण ती हो म्हणाली त्याचं कारण निराळंच होतं. तिला लहानपणापासून प्रत्येक बंद कपाटात काय आहे ते बघायची खोड होती आणि काठीघराच्या मागच्या खोलीत सरांखेरीज कुणी कधी गेलेलं नव्हतं.

"तुला देवघेवीचं कळतं," सुहास वकील म्हणाले होते. "पुस्तकं काय आणि कुबड्या काय."

तिनंही तसंच धरलं. ग्रंथालयात दर मे महिन्यात पुस्तकं मोजतात, तशा तिनं पहिल्या पंधरवड्यात मागच्या खोलीसकट सगळ्या वस्तू मोजल्या. नोंदवहीत दोनशे चौदा. जागेवर किंवा नुकत्या दिलेल्या एकशे पंचाहत्तर. एकोणचाळीस वस्तू जाऊन तीन-तीन, चार-चार वर्षं झाली होती आणि त्यांचा ठावठिकाणा नव्हता. तिनं फोन लावायला घेतले. आठ शहरातच निघाल्या. टिळकवाडीत एका घरी तर कमोडच्या खुर्चीवर तुळशीची कुंडी ठेवली होती. त्या बाईंनी लाजून ती स्वतःच रिक्षात घालून आणून दिली.

उरल्या एकतीस. त्यांचे पत्ते एका ओळीत लिहिल्यावर भैरवीच्या लक्षात आलं की त्या सगळ्या एकाच दिशेला गेल्या आहेत. जांबोटीच्या पुढे, जंगलाच्या अंगाला, सहा वाड्यांत. फोन लागत नव्हते. जे लागले ते, "व्हय, आणून देतो की," म्हणून बंद झाले.

वस्तू परत येत नाहीत यात नवल नव्हतं. पुस्तकंही येत नाहीत. पण नोंदवहीची पानं मागे-पुढे करताना तिला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती तिथंच थबकली. त्या सहा वाड्यांतून पूर्वी महिन्याला एक-दोन माणसं यायचीच. गेल्या साडेतीन वर्षांत एकही आलेलं नव्हतं.

पुस्तक घेऊन पळालेला वाचक पुन्हा येत नाही, हे समजू शकतं. पण अख्खा गावपट्टाच यायचा थांबला? तिथं माणसं पडायची, म्हातारी व्हायची थांबली की काय?

दुसऱ्या दिवशी सर नेहमीप्रमाणे सकाळी दहाला येऊन आपल्या खुर्चीत बसले. कार्यवाहपद सोडलं होतं, खुर्ची सोडली नव्हती. येणारे लोकही भैरवीला ओलांडून त्यांच्याकडेच जात.

"सर, जांबोटीकडच्या एकतीस वस्तू आल्याच नाहीत."

"असतील तिकडं."

"चार वर्षं होत आली."

"मग वापरात असतील." सरांनी मान किंचित वळवली, म्हणजे डोळ्यांच्या कडेनं ती दिसावी. "चहा सांगतेस का?"

ज्या माणसाला वॉकरचा आखूड पाय आठवतो, त्याला एकतीस वस्तूंचं काहीच वाटू नये, हे तिला विचित्र वाटलं.

महिन्याच्या बैठकीत सुहास वकिलांनी एक पत्र वाचून दाखवलं. उद्यमबागेतल्या ज्या फौंड्रीच्या देणगीवर काठीघराच्या जागेचं वर्षभराचं भाडं आणि दुरुस्ती चाले, तिथले जुने मालक निवृत्त झाले होते. ते सरांचे मित्र. दिवाळीनंतर चेक घेऊन स्वतः यायचे आणि चहा पिऊन जायचे. आता मुलगा बघत होता, आणि त्याच्याकडे देणग्यांच्या कामासाठी वेगळं खातं होतं. पत्रात लिहिलं होतं की जानेवारीअखेर अधिकारी प्रत्यक्ष येऊन वस्तू तपासतील. नोंदीप्रमाणे वस्तू आढळल्या तरच पुढचं अनुदान.

"एकतीस वस्तू म्हणजे निम्म्या किमतीचा माल," सुहास वकील म्हणाले. "खुर्च्या, गाद्या, सगळं महागातलं तिकडेच गेलंय. दोन मार्ग आहेत. नोटिसा काढायच्या, नाहीतर बेंगळूरच्या त्या मोठ्या संस्थेत विलीन व्हायचं. ते विचारताहेत."

"विलीन झालो तर हे घर राहील?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"पाटी राहील."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे बघत होते.

"नोटिसा काढायच्या आधी मी जाऊन बघून येते," भैरवी म्हणाली.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती निघाली. बरोबर ज्योतिबा. काठीघराची सगळी दुरुस्ती तोच करी. वेल्डिंगचं दुकान सांभाळून, अर्ध्या मजुरीत. टेंपोही त्याचाच होता. जांबोटी ओलांडल्यावर डांबर संपलं. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरं आणि मधूनमधून मळणीची धूळ. ज्योतिबा वाटेत म्हणाला, "ताई, एकतीस वस्तू आणायच्या म्हणजे मला तीन खेपा पडतील."

"आधी एक तरी सापडू दे."

पहिला पत्ता आंबेखोल वाडीतला. भावकू गावडे, चाकाची खुर्ची, बायकोसाठी. भावकू अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होता. सत्तरीचा, काटक. काठीघराचं नाव ऐकून त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली आणि त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं.

"बायको त्याच साली गेली," तो म्हणाला.

"वाईट झालं. आणि खुर्ची?"

"ती हितं न्हाय. ती वरल्या घरात गेलती. तिथनं मग खालच्या वाडीत. आता कुठं हाय ते यशोदाक्काला ठावं."

"तुम्ही दुसऱ्याला दिलीत?"

"मी कशाला देतोय? जिला पायजे होती तिची पोरं आली, घिऊन गेली. माझं काम झाल्तं." त्यानं तिच्याकडे जरा दमानं पाहिलं. "तुमची हाय ती खुर्ची, म्हाईत हाय आमास्नी. कुणी इकली न्हाय."

वरच्या घरी गेले, तिथं खुर्ची नव्हती. पण दुसऱ्याच पत्त्यावर नोंदलेला वॉकर होता. तो एक आजी धरून चालत होत्या, आणि त्याचे चारही पाय बोटभर कापलेले होते. ज्योतिबा खाली वाकून बघत राहिला. "कुणी कापला हा?"

"आजी ठेंगण्या हायत," घरातली सून म्हणाली. "उंच व्हता तवा पडायच्या."

तिसऱ्या घरी हवेची गादी, चौथ्या घरी दोन कुबड्या. प्रत्येक वस्तू नोंदवहीतलं नाव सोडून तिसऱ्याच माणसाकडे, आणि प्रत्येक घरी तेच एक नाव, यशोदाक्का. आता भैरवीला वस्तूंपेक्षा त्या बाईचीच ओढ लागली.

यशोदाबाईंचं घर वाडीच्या टोकाला होतं. पासष्टीच्या, बुटक्या, डोक्यावर पदर. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तीस वर्षं काढून घरी बसलेल्या. पडवीत एक कमोडची खुर्ची धुऊन उन्हात उलटी ठेवली होती. आत त्यांची सून दिपाली होती.

"यायचं तर कळवून यायचंत," यशोदाबाई म्हणाल्या. "जेवूनच जावा आता."

भैरवीनं नोंदवही उघडली आणि एकतीस नावं वाचून दाखवली. यशोदाबाई प्रत्येक नावाला मान हलवत, "ती पलीकडच्या वाडीत," "ती मोडली," असं सांगत गेल्या. मधेच अडखळल्या तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली. "दिपाली, काल्यांडर आण गं."

भिंतीवर खिळ्याला चार वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली होती. दिपालीनं ती काढून आणली. तारखांच्या चौकोनांत दिपालीनं बारीक पेन्सिलीनं लिहिलेली 'चा', 'वा', 'गा' अशी अक्षरं आणि घरांची नावं. चा म्हणजे चाकाची खुर्ची, वा म्हणजे वॉकर, गा म्हणजे गादी. कुठल्या दिवशी कुठल्या घरातून कुठल्या घरी. भैरवीनं मांडीवर नोंदवही आणि समोर कॅलेंडर ठेवून एकेक वस्तू जुळवायला घेतली. तासाभरात सगळ्या जुळल्या. एकतीसपैकी सत्तावीस चालू होत्या. चार मोडल्या होत्या आणि त्यांचे अवयव उरलेल्यांत बसवले होते. तिच्या स्वतःच्या ग्रंथालयात इतकी चोख नोंद नव्हती.

"हे सुरू कसं झालं?" तिनं विचारलं.

"लाकडौनात," यशोदाबाई म्हणाल्या. "भावकूची बायको गेली आन आठवड्यात ह्या दिपालीच्या मामीचं खुब्याचं हाड मोडलं. गाड्या बंद. शापूरला जायचं कसं? म्हटलं, खुर्ची रिकामीच हाय की. नेली. मग समद्यांनी तेच धरलं."

"आणि गाड्या सुरू झाल्यावर?"

यशोदाबाई हसल्या. "खुर्ची शापूरला न्यायची तर जीपवाला बाराशे घेतो. तुमची अनामत पाचशे. तुमीच सांगा."

भैरवीनं मान खाली घातली. बावीस वर्षं काठीघरानं अनामतीचा नियम पाळला होता आणि हा साधा हिशेब कुणी केला नव्हता.

"पाचशे रुपये बुडीत सोडायचे, आन खुर्ची घरात पडू द्यायची न्हाय. असं ठरलं आमचं. दुसरं एक ठरलंय."

"काय?"

"ज्याचं काम झालं त्यानं सोता पुढच्याच्या घरला पोचवायची. आन शिकवायचं. निस्ती ठिवून यायचं न्हाय."

याचा अर्थ भैरवीला जेवणानंतर कळला. पडवीतली कमोडची खुर्ची न्यायला एक तरुण माणूस आला होता. त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. ती खुर्ची आधी ज्याच्या घरी होती तो शेतकरीही आला. त्यानं त्या तरुणाला, मागोमाग तिथं आलेल्या भावकूला खुर्चीवरून उठवायला लावलं. भावकूनं अंग ढिलं सोडून आजारी माणसाचं सोंग घेतलं.

"पाठीनं उचलू नगंस," शेतकरी सांगत होता. "गुडघं वाकव. त्याचा हात तुझ्या मानंत घाल. आन बोलत ऱ्हा त्येच्याशी. गप उचललंस तर मानूस भितंय."

तरुणानं तीनदा उचललं. तिसऱ्यांदा नीट जमलं. शहापुरात काठीघर खुर्चीबरोबर एक छापील कागद देई, आणि बहुतेक कागद दारातल्या पायरीवरच पडलेले असत.

ज्योतिबा इतका वेळ अंगणाच्या कोपऱ्यात एका चाकाच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला होता. तिची मागची चाकं सायकलची होती, जाड रबराची. बैठक खताच्या पोत्यांच्या पट्ट्या विणून केलेली. "ताई," तो हळूच म्हणाला, "आपली खुर्ची चिखलात रुतते म्हणून माणसं तक्रार करतात, आठवतं? ही रुतत नाही. आस कसा बसवलाय, मला कळंना झालंय. कोण आहे हो हे काम करणारा?" तो त्या माणसाला भेटायला गेला तो तासभर आला नाही.

निघताना यशोदाबाई सहज बोलून गेल्या, "मास्तरांस्नी सांगा, यशोदाक्कानं इचारलंय म्हणून. लाकडौन उठल्यावर आल्ते की. लई वेळ बसले. समदं बघितलं. च्या बी घेतला न्हाय."

टेंपो जांबोटीपर्यंत आला तरी भैरवीच्या डोक्यात तेच वाक्य घोळत होतं. सरांना ठाऊक होतं. सगळं बघून आले होते, आणि मंडळात कुणालाच सांगितलं नव्हतं. का?

सुहास वकिलांना मात्र तिनं फोनवर सगळं सांगितलं. त्यांना आनंदच झाला. "म्हणजे माल आहे. उत्तम. ज्योतिबाला घेऊन एक दिवस सगळं इथं आण, अधिकाऱ्यांना दाखव, दुसऱ्या दिवशी परत पाठव."

खोटं बोलायचं नव्हतं, वस्तू खऱ्याच होत्या. भैरवीला ते पटल्यासारखंही झालं. तिनं दिपालीच्या फोनवर यशोदाबाईंना विचारलं.

"आणू की," यशोदाबाई म्हणाल्या. "पर गादीवर बाई निजलीया, पाठीला जखम हाय. तिला त्यो दिसभर कुठं ठिवू?"

भैरवीनं फोन ठेवला आणि सरांच्या घरी गेली.

सर अंगणात बसले होते. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं. "सर, तुम्ही आंबेखोलला गेला होता. आम्हाला का नाही सांगितलंत?"

सरांनी मान वळवून तिला डोळ्यांच्या कडेत घेतलं.

"वस्तू आणायला गेलो होतो," ते म्हणाले. "रागातच गेलो होतो. तिथं बसलो. बघितलं. भैरवी, बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, मी नसलो तर काठीघराचं काय होईल. तिथं मी नव्हतोच. आणि काही बिघडलं नव्हतं. उलट आपल्यापेक्षा नीट चाललं होतं."

"मग आनंद व्हायला हवा होता."

"व्हायला हवा होता." त्यांनी धोतराचं टोक सारखं केलं. "घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही. मंडळाला सांगितलं असतं तर मंडळानं विचारलं असतं, मग तुमचं काम काय? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून गप्प बसलो. पुढे डोळे गेले, तेव्हा वाटलं, बरं झालं, आता निमित्त मिळालं."

भैरवीला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तिला उगाच त्यांच्या खिशातली किल्ली आठवली आणि वाटलं, एवढा मोठा माणूस इतकी वर्षं एका भीतीला सांभाळत बसला होता.

तिनं फौंड्रीला पत्र लिहिलं. वस्तू शहापुरात नाहीत, आंबेखोलला आहेत, तपासणी तिथंच करावी.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्णिमा नावाची अधिकारी आली. तिशीच्या आतली, निपाणीकडची, हातात टॅब. टेंपोत पुढे बसून तिनं रस्ताभर प्रश्न विचारले. वाडीत तिनं सत्तावीस वस्तू एकेक करून बघितल्या आणि फोटो काढले. कापलेला वॉकर बघून हसली, पोत्याची बैठक हातानं दाबून बघितली. मग यशोदाबाईंच्या पडवीत बसून टॅब भरायला लागली आणि एका रकान्याशी अडली.

"जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पद," ती म्हणाली. "यशोदाक्का, तुमचं संस्थेतलं पद काय?"

"मला कसलं पद?"

"मग या वस्तू कुणाच्या ताब्यात आहेत?"

"ज्याच्या घरात आजारी मानूस हाय त्येच्या." यशोदाबाई टॅबमध्ये वाकून बघत होत्या. "ऱ्हाऊ दे की रिकामं."

"रिकामं ठेवलं तर पुढचं पान उघडत नाही."

यावर सगळेच हसले, पूर्णिमाही. पण जाताना ती भैरवीला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, मला हे फार आवडलं. माझ्या आवडण्यानं काही होत नाही. कागदावर या बाई तुमच्या कुणीच नाहीत. मी खरं ते लिहिणार."

तिनं खरं तेच लिहिलं. फेब्रुवारीत उत्तर आलं. यंदा निम्मंच अनुदान. वस्तू ज्यांच्या देखरेखीखाली आहेत त्या व्यक्तीला विश्वस्त मंडळात रीतसर स्थान दिल्यास पुढच्या वर्षी पूर्ण रकमेचा विचार होईल.

बैठक तापली. मंडळाची सातही माणसं शहापूर-टिळकवाडीची, शिकलेली, एकमेकांच्या लग्नमुंजींना जाणारी. घटनेप्रमाणे सातच जागा. सुहास वकील म्हणाले, "त्या बाई चांगल्याच आहेत. पण सही करता येत नाही त्यांना धड. आणि जागा कुठं आहे?"

"माझी घ्या," सर म्हणाले.

सरांनी खिशातून राजीनाम्याचा कागद काढला. नातीकडून लिहून घेतलेला होता. सही वाकडी, ओळ सोडून गेलेली. सुहास वकिलांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग ठराव मीच लिहितो. नीट लिहायला हवा."

अडचण आली ती यशोदाबाईंकडूनच. भैरवी त्यांना सांगायला गेली तर त्यांनी नाहीच म्हटलं.

"माझं एकटीचं नाव लावू नका. उद्या मी गेले की पुन्हा तुमचं पान उघडायचं न्हाय. दिपालीचंबी लावा. आन मिटिंगला मी शापूरला येनार न्हाय दर म्हैन्याला. चार म्हैन्यातनं एकदा तुमीच या."

"एका जागेवर दोन नावं?" सुहास वकील फोनवर म्हणाले आणि दोन दिवस मंडळाची घटना चाळत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मार्ग काढला. यशोदाबाई विश्वस्त, आणि आंबेखोल शाखेची व्यवस्थापक म्हणून दिपाली. मग म्हणाले, "भैरवी, ती बाई म्हणते ते आपल्यालाही लागू आहे. तू आजारी पडलीस तर इथं कोण?"

हा प्रश्न भैरवीनं स्वतःला विचारलाच नव्हता. चार महिन्यांत कुठल्या वॉकरचा कुठला पाय आखूड, हे तिलाही तोंडपाठ झालं होतं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही वाटायला लागला होता. दुसऱ्या दिवशी तिनं किल्लीची दुसरी प्रत करून ज्योतिबाच्या हातात दिली आणि त्याला नोंदवही लिहायला बसवलं. त्याचं अक्षर वाईट होतं, पण प्रत्येक वस्तूपुढे तो दुरुस्तीसुद्धा लिहायचा, जी कुणी कधी लिहिली नव्हती.

निम्म्या पैशात दोन खोल्या परवडत नव्हत्या. पुढची सोडली आणि सगळं मागच्या खोलीत आणलं. बेंगळूरच्या संस्थेला नाही कळवलं. सर आता रोज येत नाहीत. बुधवारी येतात आणि नवीन माणसाला आजाऱ्याला कसं उठवायचं ते शिकवतात. दिसत नसल्यामुळे ते हातांनी चाचपून शिकवतात आणि लोकांना ते कागदापेक्षा चांगलं समजतं. चार महिन्यांनी पहिली बैठक आंबेखोलला झाली. सुहास वकिलांना खाली बसता येईना, म्हणून त्यांना सायकलच्या चाकांची खुर्ची दिली. सबंध बैठक ते तीत बसून होते आणि परतीच्या वाटेवर ज्योतिबाला म्हणाले की ही शहरातही चालेल.

जूनच्या अखेरीला पूर्णिमाचा फोन आला. या वेळी कंपनीच्या कामाचा नव्हता. तिची मावशी निपाणीजवळच्या एका गावात राहते, तंबाखूच्या कामाला जाते. गावात पाच-सहा माणसं अंथरुणाला खिळलेली. "तिथं असं काही होईल का?" तिनं विचारलं. "आंबेखोलसारखं?"

"माहीत नाही," भैरवी म्हणाली. "आंबेखोलला आम्ही काही केलंच नव्हतं."

तरी ती गेली. एसटीनं निपाणी, तिथून वडापच्या जीपनं पुढे. बरोबर एकही वस्तू नेली नाही. मावशीच्या ओट्यावर तंबाखूच्या उग्र वासात पाच-सहा बायका जमल्या होत्या. त्यांना वाटलं होतं की बाई खुर्च्या वाटायला आल्यात. रिकाम्या हाताची बाई बघून एकदोघी उठायच्या बेतात होत्या.

भैरवीनं त्यांना एवढंच विचारलं, "गावात कुणी पडलं, आजारी झालं, तर दवाखान्याच्या आधी तुम्ही कुणाच्या दारात जाता?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकदम तिघी बोलल्या आणि तिघींनी तीन वेगळी नावं घेतली. त्यावरून त्यांच्यातच जुंपली. एक म्हणाली तिला काय कळतंय, दुसरी म्हणाली तुझ्या सासूला कुणी हलवलं मग रात्रभर. उठायला निघालेल्या दोघी परत बसल्या.

भैरवीनं पिशवीतून वही काढली आणि तिन्ही नावं लिहून घेतली. मग पहिल्या नावाच्या बाईचं घर कुठल्या गल्लीत आहे ते विचारून ती उठली. सगळ्या बायका तिच्याबरोबर निघाल्या.